नवाबाचे केस कापा, पट्टा मात्र सोडू नका

पत्र : नणंद परदेशी गेली आणि तिचा 7 महिन्यांचा अफगाण हाउंड आमच्याकडे आला. नाव नवाब. आता तो 14 महिन्यांचा आहे. पुण्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी आमचं छोटं घर आहे. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं, पण गेले दोन महिने पुरती दमछाक झाली आहे. पूर्वी आठवड्यातून एकदा विंचरलं तरी पुरायचं. आता सकाळी सोडवलेला गुंता संध्याकाळी पुन्हा तयार असतो. पाठीवरचे केस तर गळूनच चाललेत. दुकानदाराने बुरशी आहे म्हणून तेल दिलं आहे. टेकडीवर मोकळा सोडला तर कशाच्या तरी मागे लागला आणि पावणेदोन तासांनी उगवला. ट्रेनरने दोन महिन्यांनी 'हा मंद आहे' म्हणत हात टेकले. माझा नवरा कामावरून आला की नवाब मान फिरवून बसतो, ते त्याला फार लागतं. सासरे सांगोल्याकडचे, त्यांच्या घरी कारवानी कुत्री असायची. ते म्हणतात, सरळ भादरून टाका आणि कुणाच्या तरी शेतावर देऊन टाका. पुढच्या महिन्यात नसबंदी ठरवली आहे. खरं सांगा, चुकतंय ते आमचं की कुत्र्याचं? देऊन टाकावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ते तेल बंद करा.

नवाबाच्या पाठीवर जे चाललंय तो रोग नाही, तो वयात येतोय. अफगाण हाउंडचं पिल्लू अंगभर लोकरीसारख्या केसांचं असतं. वर्षाच्या आगेमागे मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरचे हे पिल्लूकेस झडतात आणि खाली आखूड, गुळगुळीत, चकाकणारे केस दिसायला लागतात. घोड्यावर खोगीर टाकावं तसा पट्टा दिसतो, म्हणून त्याला खोगीरच म्हणतात. मोठ्या अफगाणच्या पाठीवर तो असायलाच हवा. बोटांनी केस बाजूला करून कातडी बघा. लाली नाही, कोंडा नाही, खाज नाही, वास नाही, तर डॉक्टरकडेही जायची गरज नाही. गोल चट्टे असतील किंवा तो सारखा चावत-खाजवत असेल, तर मात्र दुकानदाराला नाही, डॉक्टरला दाखवा. तेलाने धूळ चिकटते आणि गुंत्यात भर पडते, एवढंच होतंय.

गुंत्याचंही मूळ तिथेच आहे. साधारण 10 ते 18 महिन्यांच्या दरम्यान पिल्लूकेस सुटत असतात आणि मोठेपणीचे रेशमी केस येत असतात. सुटलेला मऊ केस खाली पडत नाही, नव्या केसात अडकून बसतो. अफगाण पाळणारा प्रत्येक माणूस या महिन्यांत एकदा तरी रडतो, मीही रडले आहे. तुम्ही हात लावल्यामुळे कुत्रं बिघडलं असं तुम्हाला वाटतंय. खरं तर तुम्ही त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट केसांच्या काळात उभ्या आहात. हे दिवस सरले की काम अर्ध्यावर येतं. शून्यावर कधीच येत नाही, तशी आशा ठेवू नका.

आता सासऱ्यांच्या सल्ल्याकडे येते. तो अर्धा बरोबर आहे.

केस कापायला माझी अजिबात हरकत नाही. हे लिहिल्यावर कुत्र्यांची प्रदर्शनं भरवणारे माझ्याशी बोलायचं सोडतील, सोडू देत. अफगाण हाउंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर जमिनीपर्यंत लोळणारा रेशमी झगा येतो, तो अफगाणिस्तानातून तसाच्या तसा आलेला नाही. तिकडे या कुत्र्याला ताझी म्हणतात. 1907 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात झरदीन नावाचा एक कुत्रा गाजला आणि पुढे अफगाण कसा असावा हे ठरवताना त्याचंच रूप लोकांसमोर होतं. त्याचे फोटो आजही बघायला मिळतात. कानांवर, पायांवर भरपूर केस आहेत, पण आजच्या प्रदर्शनातल्या कुत्र्यांपुढे तो चक्क गावाकडचा वाटतो. पुढे 1920च्या दशकात ब्रिटनमध्ये दोन वेगळ्या तऱ्हेचे अफगाण पोचले. सपाट, उष्ण मुलखाकडचे अंगाने सडसडीत आणि कमी केसांचे होते. 1925 मध्ये काबूलहून मेरी अ‍ॅम्प्स या बाईंनी नेलेले, डोंगराकडचे, दाट केसांचे. दोन्हींचं रक्त मिसळलं, आणि नंतरच्या पिढ्यांत माणसांनी निवडून निवडून केस वाढवत नेले. म्हणजे थंडीसाठी केस निसर्गाचे, पण झगा आपल्या हौसेचा. हौस झेपत नसेल तर ती कमी करावी. कुत्र्याला त्याचं दुःख नसतं. आमच्या जुईचे, म्हणजे आमच्या अफगाण कुत्रीचे, केस मी तिच्या चौथ्या वर्षी कापले, कारण घरात आजारपण होतं आणि रोज तास काढणं शक्य नव्हतं. पुढचे चार दिवस ती कोकरासारखी उड्या मारत होती.

फक्त भादरू नका. कातडीपर्यंत वस्तरा फिरवला की ऊन थेट लागतं आणि उलट फिरलेला केस कातडीत रुततो. ग्रूमरला सांगा, अंगावर इंचभर ठेवा, कान आणि डोक्यावरचा तुरा तसाच राहू द्या, खोगिराला मशीन लावू नका. काखेत आणि जांघेत गुंता कातडीला घट्ट बसला असेल तर तेवढ्या जागी बारीक कापण्यावाचून इलाज नसतो, तिथे ओढाताण करू नये. पुन्हा पूर्वीइतके केस यायला वर्षाहून जास्त लागेल. तोवर तो 14 महिन्यांचा गोंधळही संपलेला असेल आणि मोठेपणीचे केस आलेले असतील. ते पिल्लूकेसांपेक्षा कितीतरी शहाणे असतात.

समजा कापायचे नाहीत असं ठरलं. तर पहिला नियम म्हणजे कोरडा केस कधीही विंचरायचा नाही, तो तुटतो. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घ्या, त्यात चमचाभर कंडिशनर घाला आणि आधी ओलसर करून घ्या. नवाबाला कुशीवर झोपायची सवय लावा. उभ्याने विंचरलं तर वरवर सुंदर दिसतं आणि आत नमदा तयार होतो. पोटाकडून सुरुवात करायची, एका हाताने वरचे केस दाबून धरायचे, खालून एकेक पदर सोडत पिन ब्रशने विंचरायचं, आणि प्रत्येक पदराला कातडी दिसली पाहिजे. गाठ लागली की ब्रशने नाही, बोटांनी सोडवायची. थोडं कॉर्नफ्लोअर चोळलं की गाठ सैल पडते. शेवटी स्टीलचा कंगवा फिरवून बघा. तो कुठेही अडला नाही तर त्या बाजूचं काम झालं. कानांच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि गळपट्ट्याखाली रोज हात गेलाच पाहिजे. बाकीचं अंग दिवसाआड चालेल.

आंघोळीबद्दल आपल्याकडे एक समज आहे की कुत्र्याला महिन्यातून एकदाच न्हाऊ घालावं. अफगाणला तो लागू नाही. मळका केस स्वच्छ केसापेक्षा लवकर गुंततो. दर आठ-दहा दिवसांनी न्हाऊ घाला, पण गाठी सगळ्या सोडवल्यावरच, कारण पाणी लागलं की गाठ आवळून बसते. शांपू पातळ करून केसांच्या दिशेने वरून खाली, साडी धुताना खळबळतो तशा हाताने. टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून टिपा. आणि वाळवा मुळापर्यंत! पुण्याच्या पावसाळ्यात वरून वाळलेला आणि आत दमट राहिलेला केस म्हणजे बुरशीला आवतण. तेव्हा ते दुकानदाराचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागणार नाही.

जेवताना कान ताटलीत जातात, त्याचाही गुंता होतो. त्यासाठी जाळीची टोपी विकत मिळते. मी जुन्या लेगिंगचा पाय कापून जुईच्या डोक्यावरून सरकवायचे. ती अगदी एखाद्या आजीबाईसारखी दिसायची आणि तिला ते बहुधा कळायचंही.

तुमच्याकडे टेकडी आहे म्हणून एक वेगळी गोष्ट. पावसाळा संपल्यावर गवत वाळतं आणि कुसळं तयार होतात. गोखरू आणि आघाडा नुसतेच चिकटतात, पण कुसळ आत शिरतं. बोटांच्या बेचक्यांत, कानात, काखेत ते कातडीला भोक पाडून पुढेपुढे सरकतं आणि आठवड्याने तिथे पू होतो. ऑक्टोबर ते जानेवारी टेकडीची वाट नवाबासाठी बंद ठेवा, किंवा पायांचे केस आखूड ठेवा. गोचिडांचं वेगळं सांगायला नको. एवढ्या केसांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, हातालाच लागते, म्हणून रोजच्या विंचरण्याकडे तपासणी म्हणूनही बघा. खाणं सोडलं, ताप वाटला, हिरड्या फिकट पडल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

केसांवर फार लिहिलं. पण तुमच्या पत्रातली खरी ठिणगी केसांची नाही. ती 'मंद' या शब्दाची आहे.

ट्रेनरची बाजू आधी सांगते. 1994 साली अमेरिका-कॅनडातल्या आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांची मतं गोळा करून कुत्र्यांच्या जातींची एक क्रमवारी छापली गेली. त्यात अफगाण हाउंड सगळ्यांत शेवटी होता. तेव्हापासून जगभर त्याच्या कपाळावर 'सगळ्यात मठ्ठ कुत्रा' अशी चिठ्ठी चिकटली. पण मोजलं काय होतं? सांगितलेलं काम किती लवकर आणि किती वेळा मुकाट्याने करतो, हे. त्या परीक्षेत बॉर्डर कॉली पहिला येणारच. मेंढपाळाच्या शिट्टीवर डावीकडे-उजवीकडे वळणं हाच त्याचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा.

ताझीचा धंदा उलटा. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा. उघड्या माळावर, दगडधोंड्यांच्या उतारावर ससा, कोल्हा किंवा हरिण उठलं की तो सुटायचा आणि घोड्यावरचा मालक बघता बघता मागे पडायचा. पुढचं सगळं कुत्र्याच्या डोक्याने. कुठे वळायचं, कुठे आडवं जायचं, कुठला दगड टाळायचा, हे सांगायला तिथे कुणी नसायचं. मागे वळून 'आता काय करू?' असं विचारणारा कुत्रा रिकाम्या हाताने परत यायचा आणि त्याची पिल्लं कुणी ठेवायचं नाही. शेकडो वर्षं ज्याने विचारलं नाही त्यालाच निवडलं गेलं. आता त्याने बिस्किटासाठी दहाव्यांदा खाली बसावं अशी आपली अपेक्षा. दोनदा बसला ना? मग त्याला ते येतं. तिसऱ्यांदा का, हे त्याला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटवता येत नाही.

म्हणून शिकवायचं ते थोडं शिकवा. तीन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, जमलं की लगेच थांबा. आवाज चढवू नका, हात तर मुळीच उगारू नका. हा कुत्रा ओरडा विसरत नाही. दुखावलेला लॅब्रॅडोर पाच मिनिटांत शेपूट हलवत येतो, अफगाण तुम्हाला आठवडाभर हिशेबातून काढून टाकतो. आज्ञांपैकी एकावरच जीव लावा, ती म्हणजे परत येणं. एक शिट्टी घ्या. घरात, दार बंद असताना, शिट्टी वाजली की उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा. महिनोन् महिने, रोज, आणि त्या शिट्टीवर कधीही आंघोळ नाही, नखं कापणं नाही, रागावणं नाही.

आणि एवढं करूनही त्याला मोकळ्या टेकडीवर सोडू नका. कधीच नाही. इथे मी तडजोड करणार नाही. समोर काही पळालं की त्याचे कान बंद होतात, तेव्हा काळीजही चालत नाही आणि शिट्टीही. ताशी साठेक किलोमीटरने धावणारं कुत्रं मिनिटभरात हायवेवर असतं. पावणेदोन तासांनी तो परत आला हे तुमचं नशीब. शिवाय तुमच्या टेकडीवर ससे आहेत आणि मोरही असतील. नवाबाने ससा धरला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, त्याला नाही. पाळीव मांजर, कोंबडी, शेजारच्यांचं शेळीचं करडू, पळणारं सगळंच त्याच्या लेखी ससा.

गळपट्टा बदला. या जातींची मान डोक्याइतकीच रुंद असते, साध्या पट्ट्यातून डोकं एका झटक्यात निसटतं. जुई माझ्या हातातून अशीच निसटली होती, भर चौकात. मी मागे धावले नाही, तिथेच फुटपाथवर बसून पिशवीत काहीतरी शोधायचं नाटक केलं. तीन मिनिटांनी एक लांब नाक पिशवीत आलं. तुमच्यावर तशी वेळ आली तर पाठलाग करू नका, तुमच्या पाठलागाला तो खेळ समजेल आणि त्या खेळात तुम्ही हरणारच. ओढ लागली की मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, रुंद कापडाचा. अंगणाचं कुंपण सहा फूट करा. चार फुटी भिंत तो उभ्या उभ्या ओलांडेल.

मग धावायचं कुठे? कारण धावायला तर त्याला हवंच, नुसतं पट्ट्याने फिरवून भागत नाही. पुण्यात आता जागोजागी बॉक्स क्रिकेटची जाळी लावलेली मैदानं झाली आहेत. सकाळी सहाच्या आधी ती रिकामी असतात. मालकाशी बोला, घाण उचलायची हमी द्या, आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं घ्या. एप्रिल-मे महिन्यात ऊन चढल्यावर नको, ते कृत्रिम गवत तव्यासारखं तापतं. खाल्ल्यानंतर तासभर आणि खाण्याआधी तासभर पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळा पडून फुगतं. पोट टम्म, उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं.

आता सासऱ्यांच्या सल्ल्याचा चुकलेला अर्धा. 'शेतावर देऊन टाका.' कुंपण नसलेल्या शेतावर हा कुत्रा आठ दिवस टिकणार नाही. पण ज्या माणसाच्या घरी कारवानी होती त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. कारवानीही नजरेवर धावणाराच, आणि त्यातल्याच कान-शेपटीवर लांब केस असलेल्या कुत्र्यांना आपल्याकडे पश्मी म्हणतात. फारसीत पश्म म्हणजे लोकर. दक्खनच्या माळावरचं ते कुत्रं आणि तुमचा नवाब अगदी परके नाहीत. सासऱ्यांना एकदा विचारा, तुमची कारवानी हाक मारल्यावर यायची का? बोलावल्यावर लाडात यायची का? परक्या माणसाने डोक्यावर हात ठेवलेला चालायचा का? माझी पैज आहे, तुम्ही ट्रेनरला दिलेल्या फीपेक्षा जास्त माहिती ओसरीवर फुकट मिळेल. संध्याकाळचं पट्ट्याने फिरवणं त्यांच्याकडे द्या, त्यांच्या गुडघ्यांना झेपत असेल तर.

नसबंदी पुढच्या महिन्यात करू नका. घाई कसलीही नाही. अजून सहा-आठ महिने त्याचं अंग भरू द्या. नसबंदीनंतर रेशमी केसांच्या कुत्र्यांचे केस पुष्कळदा कापसासारखे मऊ आणि दाट होतात, म्हणजे आत्ताच्या गुंत्यात आणखी भर. करायची तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच विचारा की साइटहाउंड, म्हणजे नजरेवर शिकार करणाऱ्या, जातींना भूल दिली आहे का. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि काही जुनी भुलीची औषधं, विशेषतः थायोपेंटोनसारखी, त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात. जुईच्या दातांच्या कामाच्या वेळी कुणीतरी हा विचार केला नाही आणि ती संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली नाही. मी तिथे टाइल्सवर तिच्याशेजारी बसून होते. आज याहून सुरक्षित औषधं सर्रास वापरात आहेत, फक्त विचारायला हवं. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर अंगावर पांघरूण हवं, ही कुत्री पटकन गार पडतात. आणखी एक. पुढेमागे कुणी रक्त तपासून थायरॉइड कमी आहे म्हणालं तर लगेच गोळी सुरू करू नका. साइटहाउंडच्या रक्तात तो आकडा मुळातच खाली असू शकतो, पूर्ण तपासणी मागा.

शेजारी विचारतील, खायला घालत नाही का? कमरेची दोन हाडं वर दिसणं हे अफगाणचं लक्षण आहे, उपासमारीचं नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. नराचं वजन 20 ते 27 किलोंच्या दरम्यान असतं, त्यावर चरबी चढवू नका. ओट्यावरचं मात्र सांभाळा. त्याचं नाक ओट्याच्या वर पोचतं आणि चोरीच्या वेळी तो मुळीच मंद नसतो. कांदा, द्राक्षं-मनुका, चॉकलेट उंच कपाटात ठेवा.

द्यावा का, या प्रश्नाचं उत्तर. रोज अर्धा-पाऊण तास, पट्टा कायमचा हातात, आणि पुढची दहा-बारा वर्षं, एवढं ऐकूनही पोटात गोळा आला नसेल तर ठेवा. आला असेल तर द्या, त्यात कमीपणा नाही. पण शेतावर नको. आधी अफगाण किंवा कारवानी सांभाळलेल्या घरी द्या, आणि घाईत नको. पत्रात तुम्ही 'आमचं की कुत्र्याचं' असं विचारलंत, 'माझं की त्याचं' असं नाही. त्यावरून मला वाटतं, तुम्ही ठेवाल.

राहिला तुमचा नवरा. त्यांना सांगा, लॅब्रॅडोरचं स्वागत या जातीकडून मिळणार नाही. मान फिरवणं म्हणजे राग नव्हे. तो अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघत नाही, आणि दिवसभर बाहेर असणारा माणूस त्याच्या लेखी अजून अर्धा अनोळखी आहे. घरी आल्यावर हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. चहा घेऊन जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे पाठ करून, आणि पेपर वाचायचा. पहिल्या दिवशी काही होणार नाही. दहाव्या दिवशीही कदाचित नाही. मग एखाद्या संध्याकाळी खांद्यावर एक लांबडी हनुवटी येऊन टेकेल. तेव्हाही वळून बघायचं नाही म्हणावं, पान उलटायचं.